कोर्टातून डायरेक्टरला काढता येतं का? घरचीच कंपनी आहे

मेथीदाणा
नमस्कार मंडळी, बराच काळ नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आलीय. बाबा आणि धाकटे काका यांनी मिळून काढलेली प्रायव्हेट लिमिटेड, मशीनचे सुटे भाग बनवते. शेअर काकांकडे ५२ टक्के, बाबांकडे ३०, आईकडे ८ आणि राहिलेले १० बाबांच्या एका जुन्या मित्राकडे. डायरेक्टर म्हणजे काका, चुलतभाऊ आणि आई, पण आई फक्त कागदावर, सही लागली की घरी कागद यायचे. बाबा गेल्यापासून चित्रच पालटलं. चुलतभावाच्या बायकोच्या नावाने एक नवीन कंपनी निघाली, आमची मोठी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली, मशीनं आमची, कामगार आमचे, वीजबिल आमचं, फक्त माल विकल्याचं बिल तिकडचं. डिव्हिडंड बंद. एजीएमची, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेची, नोटीस नाही. बाबांचे शेअर आईच्या नावावर करा म्हणून अर्ज दिला, त्याला ना हो ना नाही. आईने विचारलं तर "वहिनी, तुम्ही कशाला त्रास करून घेता, मी आहे ना".
एका वकिलांना विचारलं तर म्हणाले मीटिंग बोलवा आणि मतदान करून काढा. अहो पण ५२ टक्के त्यांच्याकडेच आहेत, कोण कोणाला काढणार! तर थेट कोर्ट अशा डायरेक्टरला काढू शकतं का?

रिकामटेकडा
सरळ पोलिसात जा. आर्थिक गुन्हे शाखा. एकदा बोलावणं गेलं की काका चहा घेऊन दारात येतील.

जुनाट_शिक्का
रिकामटेकडा, हा सल्ला देणारे खूप आणि निस्तरणारे कमी. धंद्याच्या भांडणाला फौजदारी रंग देऊ नका असं सुप्रीम कोर्ट किती वेळा बोललंय. खोट्या सह्या किंवा बनावट कागद सापडले तर गोष्ट वेगळी, तेव्हा बघू.

मेथीदाणा, मी कंपनी सेक्रेटरी म्हणून बरीच वर्षं हेच कागद चाळलेत, आता सनद बाजूला ठेवलीय, त्यामुळे हे वकिली मत समजू नका. पण उत्तर हो आहे, काढता येतं. मात्र कोर्ट म्हणजे दिवाणी कोर्ट नाही, एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या वादांसाठीचं राष्ट्रीय ट्रिब्युनल. कंपनी कायदा २०१३, कलम ४३० ने या विषयात दिवाणी कोर्टाला हातच घालू दिलेला नाही. २०१६ च्या जूनमध्ये हे ट्रिब्युनल सुरू झालं, त्याआधी कंपनी लॉ बोर्ड होतं.

तुमचे वकील म्हणाले तो रस्ता कलम १६९ चा. साधा ठराव, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, आधी विशेष नोटीस, आणि ज्याला काढायचं त्याला बोलू द्यायचं. कारण द्यावंच लागतं असंही नाही, १९८६ च्या एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भागधारकांना डायरेक्टर बदलायचा हक्क आहे, त्याची कारणं कोर्टाने तपासायची नाहीत. पण तो बहुमतवाल्यांचा रस्ता. तुमच्याकडे सगळं मिळून, मित्र धरून ४८. म्हणजे तिथे तुमचं काही चालणार नाही, उलट काका तोच रस्ता वापरून आईला काढू शकतात हे लक्षात ठेवा.

तुमचा रस्ता कलम २४१ आणि २४२. कंपनीचा कारभार एखाद्या सभासदावर अन्याय होईल असा किंवा कंपनीच्याच हिताला मारक चालला असेल तर ट्रिब्युनलकडे जाता येतं, आणि २४२ च्या यादीत स्पष्ट लिहिलंय: मॅनेजिंग डायरेक्टरला किंवा कुठल्याही डायरेक्टरला काढणे. त्याच यादीतलं लगेच पुढचं पोटकलम बघा, त्या माणसाने पदावर असताना गैरमार्गाने जो फायदा उकळला त्याची वसुली. माझ्या मते तुमची खरी मागणी ही दुसरी आहे, पहिली नाही. का ते नंतर लिहितो, आत्ता जेवायला बोलावतायत.

झुळूक
पण २४१ ला दहा टक्के शेअर लागतात ना? आईकडे तर आठच. टाटा–मिस्त्री प्रकरणात, सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून काढलं तेव्हा, याच्यावरच केवढी मारामारी झाली होती, मिस्त्रींच्या बाजूकडे साधे शेअर १८ टक्क्यांच्या वर पण प्रेफरन्स शेअर धरले की अडीचपेक्षाही कमी, मग सूट मागावी लागली, एनसीएलटीने नाही म्हटलं आणि वरच्या ट्रिब्युनलने २०१७ मध्ये दिली.

जुनाट_शिक्का
झुळूक, आठवण चांगली आहे पण कलम ४४ सॉरी २४४ पूर्ण वाचा. एक तर दहा टक्के शेअर, नाहीतर डोकी: एकूण सभासदांच्या एक दशांश किंवा शंभर सभासद, यातला जो आकडा कमी तो. यांच्या रजिस्टरवर डोकी किती? काका, आई, मित्र आणि गेलेले बाबा. चारात एक म्हणजे एक दशांशाहून बरंच जास्त. आई एकटी जाऊ शकते, आठ टक्के असोत नाहीतर अर्धा टक्का. छोट्या कंपनीत हे नेहमी विसरलं जातं, आणि समोरचा वकील पहिल्या तारखेला "दहा टक्के कुठायत" म्हणून उभा राहतो.

आणि बाबांचे ३० टक्के नावावर झाले नाहीत म्हणून ते मोजायचेच नाहीत असंही नाही. वर्ल्डवाइड एजन्सीज विरुद्ध मार्गारेट डेसॉर, १९९० चा रिपोर्ट, सुप्रीम कोर्ट म्हणतं की मयत सभासदाचे कायदेशीर वारस रजिस्टरवर नाव चढलेलं नसलं तरी अशी पिटीशन करू शकतात. फक्त एक विचारतो, राग मानू नका, वारसांमध्ये वाद नाही ना? मृत्युपत्र, भावंडं, काही?

मेथीदाणा
नाही हो, मी एकुलती एक आणि मी माझा हक्क आईच्या नावे सोडलाय, रीतसर केलंय.

जुनाट_शिक्का
मग उत्तम. कारण २०२० मध्ये अरुणा ओसवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वारसाहक्काचाच दावा दिवाणी कोर्टात लटकलेला असेल तर आधी तिथे निकाल लावून या, २४१ च्या दाराने आत येऊ नका. तुमच्यात तो वाद नाही. शेअर नावावर करायला कंपनीला अर्ज मिळाल्यापासून एक महिना असतो. गप्प बसले तर कलम ५८ खाली अपील आहे, पण तिथे मुदत अगदी थोडी, दिवसांत मोजायची. अर्ज पोस्टाने पोच घेऊन दिला होता का?

मेथीदाणा
हातोहात दिला, ऑफिसातल्या मुलीने घेतला. पोच नाही.

जुनाट_शिक्का
पुन्हा द्या, रजिस्टर्ड पोस्टाने, आणि ईमेलवर पण. आजच.

दुसरीबाजू
मी थोडं कडू बोलणार आहे. मी स्वतः एका छोट्या कंपनीत डायरेक्टर आहे आणि माझ्यावर अशी पिटीशन पडून गेलीय, करणारे आमच्याच घरातले. धंदा रात्रंदिवस एकाने ओढायचा आणि घरी बसलेल्यांनी डिव्हिडंड का नाही म्हणून विचारायचं, हा प्रकार मी भोगलाय. डिव्हिडंड न देणं हा गुन्हा नाही. मशीन घ्यायचं असेल, बँकेचा हप्ता असेल, बोर्ड पैसे राखून ठेवू शकतं. आणि "विश्वास उडाला" एवढ्यावर काही मिळत नाही, १९६५ चा कलिंगा ट्यूब्सचा निकाल हेच सांगतो, नुसता भागधारकांमधला अविश्वास पुरत नाही, सतत चालू असलेला अन्याय दाखवावा लागतो. टाटा–मिस्त्रीतही सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये वरच्या ट्रिब्युनलचा निकाल फिरवला तो याच धर्तीवर, पदावरून काढलं म्हणजे आपोआप अन्याय झाला असं नाही.
आणि प्रायव्हेट कंपनीत आपला हितसंबंध जाहीर केला की डायरेक्टर त्या विषयाच्या मीटिंगला बसू शकतो. तुमच्या काकांनी सगळं जाहीर करून, बाजारभावाने केलं असेल तर?

मेथीदाणा
जाहीर केलं असतं तर आईला कळलं असतं ना, ती डायरेक्टर आहे! बोर्ड मीटिंगची नोटीस तिला आलेलीच नाही. आणि बाजारभाव म्हणाल तर आमच्या मशीनचं भाडं शून्य आहे. कंपनीचे जुने स्टोअरकीपर आमच्या ओळखीचे, त्यांच्याकडून कळलं की गेट पासवर माल आमच्या नावाने आत येतो आणि बाहेर जाताना चलन दुसऱ्या कंपनीचं.

दुसरीबाजू
हे आधी लिहायला हवं होतं. असं असेल तर मी काकांच्या बाजूने नाही.

खडूफळा
कायदा शिकवतो म्हणून नाक खुपसतो. मेथीदाणा यांच्या केसचा गाभा कलम १६६ आहे, डायरेक्टरची कर्तव्यं. पूर्वी ही सगळी निकालांमधून गोळा करावी लागायची, २०१३ च्या कायद्याने एका कलमात बसवली. सद्भावनेने वागायचं, सगळ्या सभासदांच्या भल्यासाठी वागायचं, काळजी आणि कौशल्य वापरायचं, स्वतःचं डोकं चालवायचं, कंपनीच्या हिताशी टक्कर होईल अशा जागी उभं राहायचं नाही, आणि स्वतःसाठी किंवा नातेवाइकासाठी गैरलाभ घ्यायचा नाही, घेतला तर तेवढीच रक्कम कंपनीला परत. "नातेवाईक" हा शब्द कायद्यातच आहे, त्यामुळे कंपनी सुनेच्या नावावर आहे म्हणून सुटका होत नाही. मोडलं तर दंड एक ते पाच लाख, पण दंडाकडे बघू नका, तो किरकोळ आहे.

वर्गात मी यासाठी कुक विरुद्ध डीक्स सांगतो. कॅनडातली १९१६ ची केस, प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट. रेल्वेचं काम करणारी कंपनी, चार डायरेक्टर, त्यातल्या तिघांनी पुढचं कंत्राट कंपनीच्या नावाने न घेता स्वतःच्या नावाने घेतलं. वर तीन चतुर्थांश मतं त्यांचीच, त्यामुळे सभेत ठराव करून टाकला की या कंत्राटात कंपनीचा काही संबंध नाही. प्रिव्ही कौन्सिल म्हणालं की कंत्राट कंपनीचंच, बहुमताच्या जोरावर कंपनीची मालमत्ता स्वतःला भेट देता येत नाही. मेथीदाणा, नावं बदला, तुमचीच गोष्ट आहे. काका उद्या ५२ टक्क्यांनी ठराव करून "हे सगळं मंजूर" म्हणाले तरी घाबरू नका.

आपल्याकडचं हवं असेल तर डेल अँड कॅरिंग्टन, सुप्रीम कोर्ट २००४. मॅनेजिंग डायरेक्टरने नोटीस न देता गुपचूप स्वतःलाच शेअर देऊन बहुमत मिळवलं, कोर्टाने ते शेअरवाटप रद्द केलं. डायरेक्टर विश्वस्तासारखा असतो, अधिकार स्वतःसाठी वापरायचा नाही.

रिकामटेकडा
एवढं सगळं आहे तर मग काढूनच टाका की, कसली वाट बघताय

जुनाट_शिक्का
आलो. आता "काढा" या मागणीबद्दल.

काढणं ही ट्रिब्युनलच्या हातातली सगळ्यात जड गोष्ट. चालता धंदा, पगार, बँकेची हमी, गिऱ्हाईक, सगळं त्या माणसाच्या फोनवर चालतं, हे ट्रिब्युनलच्या सदस्यांनाही दिसतं. सत्यम आठवा. ७ जानेवारी २००९ ला हिशोब फुगवल्याचं अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र, दोन दिवसांत कंपनी लॉ बोर्डाने अख्खं संचालक मंडळ बाजूला केलं आणि सरकारने दीपक पारेख, किरण कर्णिक वगैरे मंडळी बसवली. कर्जात बुडालेल्या आयएल अँड एफएस या वित्त कंपनीला १ ऑक्टोबर २०१८ ला एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तसंच केलं, उदय कोटक आले. पण तिथे मागणारं केंद्र सरकार होतं आणि खुर्चीत बसायला तयार अशी माणसं होती. तुमच्या कंपनीत काका उठले तर बसणार कोण? आईला मशीनं माहीत आहेत? तुम्हाला? मित्र काकांचं वय काय? ट्रिब्युनलचा पहिला प्रश्न हाच असतो, तोंडाने विचारतील किंवा नाही.

म्हणून पिटीशनमध्ये मागण्या वेगळ्या रचा. हटवण्याची मागणी लिहाच, पण तिच्या जोडीला: नव्या कंपनीकडे गेलेल्या धंद्याचा हिशोब आणि वसुली, बोर्डावर एक स्वतंत्र माणूस जो ट्रिब्युनलला अहवाल देईल, याची तरतूद २४२ मध्ये आहे, आणि पर्यायी म्हणून आईचे सगळे शेअर योग्य किमतीला काकांनी विकत घ्यायचे. मी पाहिलेल्या घरगुती केसेस शेवटी बहुतेक याच तिसऱ्या दाराने बाहेर पडतात. आणि गोम किमतीत आहे. धंदा पळवल्यामुळे आजचा ताळेबंद फाटकाच दिसणार. आजच्या तारखेने मूल्यांकन झालं तर ज्याने पळवलं त्यालाच स्वस्तात शेअर मिळतील. त्यामुळे मूल्यांकनाची तारीख धंदा वळवायच्या आधीची मागा, किंवा वळवलेला नफा त्यात परत मिळवायला सांगा, हे पहिल्याच पिटीशनमध्ये लिहा, नंतर सुचलं म्हणून चालत नाही.

झुळूक
आणि काढलंच समजा, तर परत येऊ शकतात का? मुलाला पुढे करून मागून कारभार?

जुनाट_शिक्का
कलम २४३. ट्रिब्युनलने ज्याचा नेमणुकीचा करार मोडला त्याला पाच वर्षं परवानगीशिवाय त्या कंपनीत डायरेक्टर किंवा मॅनेजर होता येत नाही, आणि पद गेलं म्हणून नुकसानभरपाईही मागता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आलं, केंद्र सरकारने केस नेली आणि माणूस लायक नाही असं ठरलं तर पाच वर्षं कुठल्याच कंपनीत नाही, पण ते तुमच्यासारख्यांच्या हातात नाही. मुलाचं म्हणाल तर तोही डायरेक्टर आहे, त्याच्यावरही तेच कर्तव्य.

साता_समुद्रापार
इकडे इंग्लंडमध्ये वेगळा कायदाच आहे १९८६ चा, नालायक डायरेक्टरला दोन ते पंधरा वर्षं बाद करतात, कुठल्याही कंपनीत. हेवा वाटावा असा कायदा. अर्थात इथेही लोक बायकोच्या नावाने कंपनी काढतातच.

खडूफळा
एक गोष्ट कोणी बोललं नाही. मेथीदाणा, आई डायरेक्टर आहे म्हणजे १६६ तिलाही लागू. "मी फक्त सही करायचे" हा बचाव फार लांब जात नाही. कामकाजात नसलेल्या डायरेक्टरवर जबाबदारी येते ती त्याला माहीत असलेल्या गोष्टींची, पण आता तिला माहीत झालंय ना? त्यामुळे तिने लेखी हरकत नोंदवायलाच हवी. आणि चिडून राजीनामा अजिबात देऊ नका! डायरेक्टर म्हणून तिला हिशोबाच्या वह्या बघायचा हक्क आहे, साध्या भागधारकाला तो नाही. शिवाय बारा महिने एकाही बोर्ड मीटिंगला गेलं नाही तर पद आपोआप रिकामं होतं, कलम १६७. काका नोटीस न देता मीटिंगा दाखवत असतील तर डाव हाच असू शकतो.

मेथीदाणा
हे वाचून पोटात गोळा आला. काल रात्री कंपनी खात्याच्या साइटवर जाऊन शंभर रुपये भरून कागद उतरवले. त्यात दरवर्षी एजीएम झाल्याचं लिहिलंय, तारखांसकट! आणि एका वर्षी ज्या दिवशी एजीएम दाखवलीय त्या दिवशी आई माझ्या घरी होती, माझी मुलगी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाची गोष्ट. आईचं नाव मात्र अजून डायरेक्टर म्हणून दिसतंय.

जुनाट_शिक्का
हे सोनं आहे. एजीएमला २१ दिवसांची नोटीस लागते, कोणाला कशी पाठवली याचा पुरावा त्यांनी द्यायचाय. डिस्चार्ज कार्ड, तिकिटं, जे असेल ते एका फाइलमध्ये. आणि त्या नव्या कंपनीचेही ताळेबंद त्याच साइटवरून काढा. तुमची विक्री ज्या वर्षी पडली त्याच वर्षी त्यांची चढली, हे दोन कागद शेजारी ठेवले की वेगळं काही बोलावं लागत नाही.

दुसरीबाजू
अनुभवाचं एक. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करा. माझी केस चालू असताना मुलाची दहावी होऊन बारावी पण झाली. त्यामुळे अंतरिम आदेशावर सगळं अवलंबून धरा, मशीनं हलवू नका, नव्या कंपनीला माल देऊ नका, शेअर वाढवू नका, हे सुरुवातीलाच मिळालं तर काका बोलायला बसतील. नाही मिळालं तर ते तारखा मोजत बसतील. आमच्यात पण असंच झालं, म्हणजे मी तारखा मोजत बसलो होतो. मग मध्यस्थीने मिटलं.

झुळूक
भागधारकांच्या करारात किंवा कंपनीच्या नियमावलीत लवाद लिहिला असेल तर?

खडूफळा
मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय की खऱ्या २४१ सारख्या तक्रारी लवादाकडे जात नाहीत, कारण डायरेक्टर काढणं वगैरे अधिकार लवादाकडे नसतातच. फक्त करारभंगाची तक्रार २४१ चे कपडे घालून आणली तर मात्र पकडतात.

मेथीदाणा
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईने आज पहिल्यांदा स्वतः पत्र लिहिलं, वह्या बघायला अमुक तारखेला येते म्हणून, हरकत पण नोंदवली, पोस्टाने गेलं आणि ईमेल पण. बाबांच्या मित्रांनाही फोन केला, ते म्हणाले त्यांनाही कधी नोटीस आली नाही, ते लिहून द्यायला तयार आहेत. एनसीएलटीचं काम करणाऱ्या वकील बाई मिळाल्यात, त्यांना भेटायचंय. एकच शेवटचं विचारते, केस फक्त काकांवर करायची की चुलतभावावर पण? आई म्हणते पोराला कशाला गोवायचं.

जुनाट_शिक्का
आईंचं मन समजतं, पण नाही. काका, चुलतभाऊ, तुमची कंपनी आणि ती नवी कंपनी, चौघांनाही प्रतिवादी करा. पैसे नव्या कंपनीच्या खात्यात आहेत. तिला केसमध्ये घेतलं नाही तर उद्या वसुलीचा आदेश तुमच्या हातात असेल आणि ते म्हणतील आम्हाला कोणी विचारलंच नाही. वकील बाईंना पहिल्या भेटीत हेच विचारा, आणि मुदतीचंही विचारा, तीन वर्षांची मर्यादा इथे लागू होते, धंदा वळवायला सुरुवात कधी झाली ती तारीख शोधून घेऊन जा.

मेथीदाणा
पहिलं वळवलेलं बिल शोधायला स्टोअरकीपर काकांना सांगितलंय. गेट पासच्या जुन्या वह्या त्यांनी रद्दीत टाकल्या नाहीत म्हणे.